आत्याचा पाट

राहनाळ
रविवार, १२ जानेवारी २०२५

तुळशीराम,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. माझा आशीर्वाद तुला चालतो की नाही हे अजून ठरायचंय. चालत असेल तर तिथे जागा सोडली आहे, तूच लिहून घे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलंस, हे मृणालीच्या साखरपुड्याचे फोटो शेजारणीच्या मोबाईलवर बघायला लागले तेव्हा कळलं. सख्खी आत्या, आणि भाचीची साडी हिरवी होती की निळी हे शेजारीण सांगते. म्हणून कागद घेतलाय. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचायची तुझी खोड लहानपणापासूनची, हे तर तुझ्याच नावाचं आहे.

काल लडकू आला होता. आपला चुलतभाऊ म्हणजे दोन्ही घरच्या शिव्या खाणारा माणूस. चहा प्याला, तुझ्या भावजींशी गोडाऊनच्या ड्युटीबद्दल बोलला, आणि मग पाठ केल्यासारखा तुझा निरोप म्हणून मोकळा झाला. "बाय, तुल्शीराम बोलतंय, मृणालीचं लगीन एप्रिलमदी हाय. आयशीचा धवला तुझ्याच तोंडात हाय, दुसऱ्या कोनाला येत न्हाय. तू येवून गा. पन गल्यातला तो काढून ये, आन् देवांची नावं घे. मनात कायपन ठेव, तो इचारनार न्हाय. नुस्ती तोंडान् बोल."

नुसती तोंडाने बोल. ही ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

डीजेच्या भिंतीपुढे नाचून तुझे कान गेलेत, म्हणून आठवण करून देते. धवला म्हणजे हळदीच्या दिवशीचा गाण्यांचा कार्यक्रम नव्हे. धवलारीण मांडवात बसते आणि नावाने बोलावते. आधी देवांना, मग वेशीवरच्याला, मग मेलेल्या वाडवडिलांना, मग जित्या नातलगांना, एकेक करून. ज्याला बोलावलं तो आला असं धरून लग्न पुढे सरकतं. भटजी नंतर येतो, आधी आपली बाई. आपल्या आईसारखी.

आणि आपल्या आईची रीत तर सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. तिने जित्या माणसाचं नाव घेतलं आणि तो मांडवात नसला, तर ती गाणंच थांबवायची. घरच्या कर्त्याने जायचं, त्याला घेऊन यायचं, मांडवाच्या दारात त्याच्या पायांवर पाणी घालायचं, पाटावर बसवायचं. तोवर पुढची ओळ नाही. चुलत बहिणीच्या लग्नात लडकूचा बाप बांधाच्या भांडणावरून रुसून खाडीवर जाऊन बसला होता, आठवतं? त्याच्याच मुलीचं लग्न, आणि हा कोळंबीचं जाळं सावरत बसलेला. आईने नाव घेतलं आणि तोंड मिटलं. वऱ्हाड ताटकळलं, बाबा चिडले, नवऱ्याकडचे कुजबुजायला लागले. आई पान लावत बसली. शेवटी बाबा चिखल तुडवत गेले, भावाला घेऊन आले आणि सगळ्यांसमोर त्याचे पाय धुतले. तांब्या तू धरला होतास. बांधाचं भांडण त्यानंतर कुणी काढलं नाही.

मग आता तूच सांग. एका नावावर जिने अख्खं लग्न अडवलं, तिच्या मुलीला तू म्हणतोस, नुसती तोंडाने बोल? मी ज्याला हाक मारते तो यावा असं मला वाटत असेल, तरच मी हाक मारीन. ज्याच्या दारात मी आता जात नाही, त्याला भाचीच्या मांडवात खोटी हाक मारू? तो तुझ्या देवाचा अपमान, माझ्या देवाशी बेइमानी, आणि आईच्या तोंडाला काळं. एका दगडात तीन पक्षी मारायला मला सांगू नकोस.

गळ्यातला क्रूस काढणार नाही. देवांची नावं घेणार नाही. पण हळद दळायचं गाणं, मांडवाच्या मेढीचं गाणं, पाणी आणायचं गाणं, पोरीला सासरी धाडायचं गाणं, यात फक्त माणसं आहेत. ती सगळी मी गाईन, घसा फाटेपर्यंत. देवांच्या ओळी दुसऱ्या कुणी म्हणाव्यात. हे माझं म्हणणं.

मृणाली माझ्याशी फोनवर बोलते. तुला माहीत नसेल तर आता झालं. तिला ओरडायचं असेल तर मला ओरड.

कमळा


राहनाळ
रविवार, २ फेब्रुवारी

तुळशीराम,

"सगला गायचा, नायतर वेशीच्या आत पाय ठेवायचा न्हाय." लडकूने हे सांगितलं तेव्हा बिचाऱ्याचं बिस्कीट चहात पडलं. असले निरोप त्याच्याकडून पाठवत जाऊ नकोस. त्याचं बीपी वाढतं.

आणि दुसरं वाक्य त्याने सांगायचं टाळलं होतं, पण मी काढून घेतलं. "तांदळाच्या गोणीपायी बाटली."

हस बाबा, मीपण हसले. ज्या घराच्या शेतावर आज तीन गोडाऊनं उभी आहेत, त्या घरची मुलगी तांदळासाठी बाटेल? आपल्याकडचा तांदूळ आपण शेजाऱ्यांना वाटायचो. मला कुणी गोणी दिली नाही, नोकरी दिली नाही, पोरांना शाळा दिली नाही. मला मिळालं ते ऐक. लग्नसराईत एका दिवशी दोन-दोन मांडवांतून बोलावणं यायचं, ते बंद झालं. मागच्या वर्षी एकही नारळ माझ्या ओटीत पडला नाही. गावकीची मोठी पातेली मला मिळत नाहीत. रिक्षाच्या नाक्यावर बायका मला बघून पदर आवरतात, जसं काही माझं लागेल. हा सौदा फायद्याचा वाटत असेल तर तूपण ये.

कशासाठी गेले, हे तू कधी विचारलंच नाहीस. बातमी ऐकलीस आणि दार लावलंस. म्हणून आज न विचारता सांगते.

आई शेवटची माझ्याकडे होती. तू रोज संध्याकाळी यायचास. खोटं बोलणार नाही, एक दिवस चुकवला नाहीस. फळं आणायचास, औषधं आणायचास, आणि दाराशी नाकाला रुमाल लावून उभा राहायचास. तुला दोष देत नाही. त्या खोलीत वास होताच. आईला अंथरुणातच सगळं व्हायचं, पाठीला जखमा झाल्या होत्या, पायाची बोटं सडायला लागली होती. मीपण कधी कधी हात धुवून बाहेर येऊन रडायचे. सून-लेकी सगळ्या म्हणायच्या, बाई ठेव. दोन बायका ठेवल्या, दोन्ही पळाल्या.

माझ्याबरोबर गोडाऊनमध्ये परत आलेला माल वेगळा करायला भावना असते. डहाणूकडची वारली, तुझ्या पोरीपेक्षा थोडी मोठी. एका रविवारी ती आईला बघायला आली. बघायला म्हणून आली आणि पदर खोचून कामाला लागली. गरम पाणी घेतलं, आईचे पाय मांडीवर घेतले आणि बोट न् बोट धुतलं. त्या बोटांतून काय निघत होतं ते मी लिहीत नाही. मग दर रविवारी आली. ना नात्याची, ना गोत्याची. आपल्या जातीचे लोक तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, हे तिला माहीत होतं. आईला तर नक्कीच माहीत होतं, कारण पहिल्या दिवशी आईने पाय ओढून घेतला होता.

मी विचारलं, भावना, कशाला करतेस हे? तर म्हणाली, "आमच्या गुरूनी मरायच्या आदल्या दिवशी शिष्यांचे पाय धुतले. तो गुरू असून बसला खाली. मग मी कोन मोठी लागून गेली?" एवढंच बोलली. माझ्याकडे या म्हणाली नाही, प्रार्थना करा म्हणाली नाही. बादली रिकामी करायला मोरीत गेली.

काम करताना ती काहीतरी गुणगुणायची. आई डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "गला बरा हाय पोरीचा. पन ताल न्हाय." आईच्या तोंडून एवढी स्तुती मी स्वतःची कधी ऐकली नाही.

आई गेली आणि तुम्ही सगळ्यांनी दिवस मोठे केलेत. गावजेवण, भजन, मंडपाला झालर. भावना मागे भांडी घासत होती. मी तेव्हाच ठरवलं की हा जो कुणी गुरू आहे, ज्याच्यामुळे एक पोर परक्या म्हातारीची घाण काढते, त्याच्या मागे जाऊन बघायचं. गेले. वर्षभर नुसती ऐकत बसले. धामणकर नाक्याच्या मागे, खाली लूम आणि वर आमची प्रार्थनेची खोली. शिफ्ट चालू असली की पास्टरांना ओरडून बोलावं लागतं आणि तरी अर्धं कळत नाही. पण जे कळलं ते असं की भावनाचा तो गुरू कुणालाही गोड बोलून बोलावत नव्हता. उलट सांगायचा, नीट विचार करा, माझ्यामागे आलात तर घरचेच वैरी होतील. गोडाऊन बांधणारा आधी बसून खर्च काढतो, तसा काढा आणि मग या.

मी बसले होते, तुळशीराम. खर्च काढला होता. सगळ्यात मोठा आकडा तुझाच होता. तो दिसत असताना मी बाप्तिस्मा घ्यायला गच्चीवरच्या निळ्या टाकीत बुडी मारली. तुम्हाला वाटतं मला भुरळ पडली. भुरळ पडलेली बाई टाकीच्या गार पाण्यात उतरताना भावाचं नाव घेऊन रडत नसते.

आता तांदळाचं पुन्हा बोलू नकोस.

कमळा


राहनाळ
रविवार, ९ मार्च

तुळशीराम,

होळी आली. गावात दरवर्षी माझ्या हातचं पुरणपोळीचं ताट तुझ्याकडे यायचं, यंदाही येणार नाही. तुझी सून क्षितिजा पोळ्या बऱ्या करते असं ऐकते. कडा जाड ठेवू नकोस म्हणावं.

तू म्हणे गावकीसमोर बोललास की बहिणीशी माझा संबंध नाही. बोललास ते बोललास, पण वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, हे लक्षात असू दे. मी पोलिसात जाणार नाही. भावाच्या नावाने चौकीची पायरी चढायला आईने मला वाढवलं नाही. फक्त मला माहीत आहे, हे तुला माहीत असावं.

आता कामाचं बोलते. मृणालीच्या मांडवात आईचाच धवला होईल. तू कुठल्या तरी गावाहून भाड्याची बाई आणायच्या विचारात आहेस, तो सोडून दे. त्या बाईला आपल्या खापरपणजोबांचं नाव काय माहीत? खारबावच्या आक्काला बोलाव. ती आईच्या मागे उभी राहून ओळी उचलायची, नंतर माझ्या मागे. पुढून कधी गायली नाही, पण आता गाईल. मी तिला शिकवतेय. ड्युटी सुटली की तिच्या ओट्यावर जाते.

कसं शिकवतेस म्हणशील. देवांच्या ओळी आल्या की मी नुसती चाल धरते, हूं हूं करून. नाव घ्यायची जागा मोकळी सोडते, तिथे आक्का नाव घालते. तिला नावं पाठच आहेत. वाडवडील आणि नातलग आले की मी शब्दासकट म्हणते. पहिल्या दिवशी आक्का म्हणाली, "ह्यो कसला गो धवला, मदीमदी भोकं परलेला?" मी म्हटलं, भोकं तू बुजव. ती हसली, मग म्हणाली, "मी शिकतंय. पन तुझी जागा घेतली असा बोलू नको माना." तिचे डोळे भरले होते. वय झालंय तिचं, सहज भरतात.

हे पास्टरांना कळलं तर तेही माझ्यावर उखडले. "कमळाबाई, दोन डगरींवर हात ठेवू नका. जुनं सोडलंत तर सोडलंत. शिकवणं म्हणजे गाणंच." मी सांगितलं, साहेब, ही आईची ठेव आहे, माझी नाही. माझ्याकडे कुणी विश्वासाने काही ठेवलं आणि मी देव बदलला, म्हणून ठेव बुडवायची का? येशूच्या नावाने लोकांची ठेव बुडवली असं गावाने म्हणावं, हे तुम्हाला चालेल? पटलं नाही त्यांना. पुढच्या रविवारी मी नेहमीच्या जागेवर जाऊन बसले. उठवायचं तर उठवा म्हटलं. कुणी उठवलं नाही. म्हणजे बघ, मला दोन्हीकडून बाहेर काढायचे प्रयत्न सुरू आहेत आणि मी दोन्हीकडे चिकटून आहे.

मला गाणं सुटल्याचं फार वाटतं असं समजू नकोस. अजिबात वाटत नाही. तुझे भावजी म्हणतात मी झोपेत गाते, पण ते स्वतः घोरतात, त्यांना काय ऐकू येणार. बाळाराम पाटील हा माणूस देवळातही जात नाही आणि आमच्या खोलीतही येत नाही. गावकीचे लोक त्यांना सांगायला आले होते, बायकोला समजवा. ते म्हणाले, "मी येशूबिशू जानत न्हाय. हिला जानतंय. ही खोटा बोलत न्हाय, तवरा माना पुरं." चौकीदार माणूस, एवढंच बोलून गेटवर जाऊन बसले.

हळदीच्या दिवशी मी येणार आहे. मांडवात नाही येणार, घाबरू नकोस. तुझ्या घरासमोर जो रस्ता आहे तो सरकारी आहे. त्यावर उभी राहीन आणि आक्काचं कुठे चुकतंय का ते ऐकीन.

कमळा


राहनाळ
बुधवार, १६ एप्रिल

तुळशीराम,

"आली तर पोरं अडवतील." बरं. पोरांना सांग, आत्याला अडवताना धक्का मारू नका, गुडघा दुखतो.

उद्या आक्काला गाण्याआधी गूळ-पाणी द्या, थंड पाणी नको. ती गात असताना डीजेवाल्याला मशीन पूर्ण बंद करायला सांग, नुसतं बारीक नको. मृणालीला दुपारी काहीतरी खाऊ घाला, हळदीत पोरी उपाशी राहून चक्कर येऊन पडतात.

तिच्यासाठी पाटल्या पाठवतेय, आईच्या. माझ्याकडून चालत नसतील तर आईकडून म्हण.

कमळा


राहनाळ
रविवार, २० एप्रिल

तुळशीराम,

तीन दिवस झाले, तू फोन केला नाहीस. ब्लॉकही तसाच आहे. काल एक मिस कॉल होता, पण तो कर्जवाल्यांचा निघाला. म्हणून मीच लिहिते. जे झालं ते आपण दोघांनी सारखंच पाहिलं की वेगवेगळं, हे मला बघायचंय.

मी पाहिलं ते असं. मी आणि तुझे भावजी जनरेटरच्या गाडीशेजारी उभे होतो. पोरांनी रस्ता अडवला, अर्धी पोरं माझ्याच अंगाखांद्यावर खेळलेली. त्यांनी माना खाली घातल्या पण हलली नाहीत. मी म्हटलं, मला जायचंच नाही रे, उभे राहा तुम्ही, सावली पडते. डीजे बंद झाला. आक्का बसली. आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. एकवीरा आईला बोलावलं, गावदेवीला, वेशीवरच्याला. मी तोंड मिटून उभी होते. मग वाडवडील. खापरपणजोबांचं नाव तिने चोख घेतलं. मग आई. आईचं नाव आलं तेव्हा मी जनरेटरच्या गाडीला धरून उभी राहिले. एवढं सांगते, जास्त सांगणार नाही.

मग जिते नातलग. चुलते, मामा, मावशी. मामीनंतर आत्याची ओळ येते. आई गायची तेव्हा तिथे आपल्या आत्याचं नाव असायचं. नंतर गाणारी मीच, आणि गाणारी स्वतःला बोलावत नाही, म्हणून ती ओळ मी गाळायचे. आक्काला शिकवतानाही गाळली. मुद्दाम गाळली, तुळशीराम. ओट्यावर ती जागा आली की मी पुढच्या ओळीवर उडी मारायचे. माझं नाव तुझ्या मांडवात घालायचा हक्क मला नव्हता आणि भीक मागायची नव्हती.

आक्का त्या जागेवर आली आणि तिने उडी मारली नाही.

"ये गो कमले आत्ये, ये गो दारी, तुझा पाट रिकामा मांडवघरी."

आणि ती थांबली. ही ओळ मी तिला दिलेली नाही, लक्षात घे. तिने स्वतः जुळवली, आईच्या चालीवर, आणि तोंड मिटून बसली. तुझ्या बायकोने सांगितलं, पुढे म्हणा. आक्का ढिम्म. कुणीतरी म्हणालं, डीजे लावा. आक्काने पानाचा डबा काढला. रस्त्यावर मला हे दिसत नव्हतं, नंतर मृणालीने सांगितलं. मला फक्त शांतता ऐकू येत होती. आणि ती शांतता मी ओळखली, कारण तीच मी लहानपणी ऐकली होती. तूपण ओळखलीस.

तुझ्यापुढे सोपी वाट होती. म्हाताऱ्या बाईला उठवायचं आणि मशीन लावायचं. गावकीचे सगळे तेच सांगत होते. तू किती वेळ उभा होतास ते मला माहीत नाही, मी मोजलं नाही. मग पोरं बाजूला झाली आणि तू आलास. पांढऱ्या सदऱ्यावर हळद, कपाळावर घाम. माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, "चल. धवला थांबलाय." मी विचारलं, "गल्यातला काढू का?" तू म्हणालास, "मी काय बोललो का?" एवढंच आपलं बोलणं. अडीच वर्षांनंतर.

दारात क्षितिजाने तांब्या आणला. तू तो तिच्या हातातून घेतलास. मला वाटलं पाणी उभ्याने ओतशील, रीत तेवढीच आहे. पण तू बसलास. गावकीचे पंच, नवऱ्याकडची माणसं, डीजेची पोरं, सगळ्यांसमोर तुळशीराम शेठ खाली बसला आणि त्याने माझे पाय हाताने धुतले. गोडाऊनची धूळ होती, टाचांच्या भेगांत बसलेली. ती तू अंगठ्याने काढलीस.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. त्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या खोलीत पाय धुण्याची भक्ती होती. तो गुरू ज्या दिवशी खाली बसला, तोच तो दिवस. आम्ही एकमेकांचे पाय धुतो. भावना मला म्हणाली होती, चुकवू नका, तुमचे पाय मीच धुणार. मी चुकवली. तिने खोलीत माझी वाट बघितली आणि माझे पाय तुझ्या दारात धुतले गेले. याचा अर्थ तुला जो लावायचाय तो लाव. मी माझा लावलाय.

पाटावर बसले. मृणाली हळदीच्या अंगाने पाया पडली, आईच्या पाटल्या तिच्या हातात होत्या. आक्काने पुढची ओळ उचलली. नंतर हळदीचं गाणं आलं, आणि आक्काने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मी गायले. तुझा कान माझ्याकडे होता, मी बघितलं. मागून देवांची आरती झाली तेव्हा मी हात जोडले नाहीत. टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी बघितलं. ते बघावं म्हणूनच मी पुढे बसले होते.

आता लडकूकडून ऐकते की तू गावात सांगतोयस, आक्काने अडवलं म्हणून आणावी लागली, रीत म्हणून केलं, पुढे संबंध नाही. गावकीचा दंड भरायची तयारी आहे असंही म्हणालास. आज आमचा मोठा सण आहे. तो मेलेला उठला, तो आजचा दिवस. मी सकाळी पांढरी साडी नेसून, लूमच्या खडखडाटात घसा फाटेपर्यंत गाऊन आले. ताल होता, हे सांगायला आई नव्हती. घरी आल्या आल्या लिहायला बसले, म्हणून नीट ऐक.

मी परत आलेली नाही. तू पाय धुतलेस म्हणून क्रूस उतरणार नाही. उद्या पुन्हा नावं घ्यायला बोलावलंस तर पुन्हा नाही म्हणेन, आणि पुन्हा रस्त्यावर येऊन उभी राहीन. मला जे सोडायचं होतं ते मी खर्च काढून सोडलंय. पण तुला मी सोडलेलं नाही, तो खर्च तू माझ्या नावावर टाकलास.

आणि रीत म्हणून केलं म्हणतोस, तर रीत पूर्ण आठव. लडकूच्या बापाला पाय धुवून मांडवात घेतलं, त्यानंतर बाबा एकदा दुसऱ्याच कशावरून रागाने म्हणाले होते, त्याचा माझा संबंध नाही. तेव्हा आई चुलीपुढून उठली नाही, मागे वळलीही नाही. म्हणाली, "धवल्यात हाक मारून, पाय धुवून आनलेला मानूस परत बाहेर टाकता येत न्हाय. टाकायचा आसंल तर आदी माझा धवला टाका."

तू तिथेच ताटावर बसला होतास. ऐकलं होतंस.

आता मला टाकायचं असेल, तर आधी आईचा धवला टाक.

तुझी बाय,
कमळा